तुमच्या वायफायची तपासणी आम्ही कशी करतो

दुकानाचं शटर ओढलं तरी वायफाय आत कोंडून राहत नाही. गुजरीतल्या पेढीचं नेटवर्क समोरच्या कट्ट्यावर मोबाइलमध्ये दिसतं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. म्हणून आमची तपासणी बाहेरून सुरू होते. लॅपटॉप घेऊन आधी इमारतीभोवती फिरतो आणि सिग्नल कुठवर पोचतो ते टिपून घेतो.

त्याआधी मालकांची लेखी परवानगी लागते. कोणतं नेटवर्क आणि कोणत्या दिवशी, हे त्यात लिहिलेलं असतं. परवानगीशिवाय कुणाच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये बसत नाही, त्यामुळे शेजारच्या दुकानाच्या वायफायला आम्ही हात लावत नाही.

खरं काम पासवर्डचं. मोबाइल वायफायला जोडला जाताना राउटर आणि मोबाइल एकमेकांना चार संदेश पाठवतात. पासवर्ड त्यात उघड नसतो, पण आपण धरलेला अंदाज बरोबर की चूक हे ताडून पाहता येईल एवढं त्यात असतं. हे संदेश हवेतून कुणालाही टिपता येतात. एकदा टिपले की तुमच्या दारात उभं राहायची गरज नाही; घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघायचा. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आम्ही हेच करून बघतो.

मालकांचा मोबाइल नंबर हा आम्हाला वारंवार सापडणारा पासवर्ड आहे. दहा आकडे, पहिला ६ ते ९ यांपैकी, म्हणजे चारशे कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला एक कॉम्प्युटर त्या सगळ्या दिवसभरात तपासून मोकळा होतो. दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. नोकरांच्याही लक्षात राहतात.

राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) चालू असेल तर आम्ही ते बंद करायला सांगतो. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही उणीव २०११ सालीच जाहीर झाली, तरी जुने राउटर तसेच चालू आहेत. डब्ल्यूईपी ही वायफायची जुनी सुरक्षा पद्धत दिसली, तर राउटर बदलाच. ती २००१ पासून फुटलेली आहे. नवीन घेताना २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत आहे का विचारा. त्यात संदेश टिपून घरी पासवर्ड ताडण्याची वाट बंद केली आहे.

गिऱ्हाइकांना वायफाय जरूर द्या, पण गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर त्यावर नको. आणि तुमच्या वायफायवरून दुसऱ्या कुणी काही केलं, तरी विचारणा आधी तुमच्याकडे होऊ शकते. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशी आधी त्या घरापर्यंत पोचली.

आम्ही येण्याआधी राउटरचा ॲडमिन पासवर्ड (वायफायचा नव्हे, राउटरची सेटिंग बदलायचा) तेवढा, ज्यांनी तो बसवला त्यांच्याकडून मागून ठेवा.