पाण्याशिवाय बेडूक जन्मत नाही?

'पाणी नसेल तिथे बेडकाची पिल्लं होत नाहीत. अंडी पाण्यात, मग शेपटीवाले टॅडपोल, मग बेडूक.' शाळेच्या पुस्तकातलं चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, त्यामुळे हे खरं वाटणं स्वाभाविकच. बहुतेक बेडकांना ते लागूही पडतं. सगळ्यांना नाही.

श्रीलंकेत झुडपी बेडकांच्या ७० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत; त्यातल्या काही आता नामशेष झाल्यात. त्यांची अंडी पाण्यात नसतात. कित्येक जातींची मादी जंगलातल्या ओल्या मातीत छोटासा खड्डा करते, अंडी घालते आणि मातीने झाकून टाकते. काही जाती पानाला अंडी चिकटवतात. पिल्लू अंड्यातच पुरतं वाढतं आणि बाहेर येतं ते चार पायांचा इवलासा बेडूक होऊनच. पोहणारा टॅडपोल मध्ये येतच नाही.

पडताळायचं असेल तर अंडी नीट बघा. आवरण पारदर्शक असतं, त्यामुळे वाढ झालेल्या पिल्लाचे पाय आतूनच दिसतात. मात्र फांदीवर फेसाचं घरटं दिसलं तर घाई नको: ते बहुधा पाण्यावर लोंबतं आणि त्यातले टॅडपोल खाली पाण्यातच पडतात. म्हणजे झाडावरचा प्रत्येक बेडूक पाण्यापासून सुटलेला नाही.

या श्रीलंकन गटाचा एक नातलग आपल्या आंबोलीतही आहे. पावसाळ्यात तिथे गेलात तर टॉर्चने लांबूनच बघा, अंड्यांना हात लावू नका. ती कोरडी पडली की संपतात, म्हणून या बेडकांना तळं नसलं तरी चालतं, पण सावलीचं ओलं जंगल लागतंच.