बिडाच्या पाइपला पीव्हीसी जोडताना: साधं रबरी कपलिंग आणि कवचाचं कपलिंग

पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या जुन्या इमारतींत संडासाचा उभा पाइप अजूनही बिडाचा (कास्ट आयर्नचा) सापडतो. मधला तुकडा गंजून फुटला की तेवढाच काढून पीव्हीसी टाकायचं ठरतं. बाजारात त्यासाठी दोन वस्तू मिळतात. दोन्ही काळ्या रबराच्या, दोन्हींना स्टीलचे पट्टे, आणि दोन्हींना 'कपलिंग' हेच नाव. काम मात्र एकसारखं नाही.

साधं कपलिंग म्हणजे जाड रबराची नळी. दोन टोकांना एकेक पट्टा, मधला भाग मोकळा. कवचाच्या कपलिंगमध्ये रबर पातळ असतं, पण त्यावर वळ्या पाडलेला स्टीलचा पत्रा पूर्ण गुंडाळलेला असतो आणि पट्टे त्या पत्र्यावरून आवळतात. पाणी दोन्ही अडवतात. पाइप एका रेषेत धरून ठेवायचं काम फक्त पत्रा करतो.

साध्या कपलिंगमध्ये वजन आलं की रबर वाकतं आणि पाइपांची तोंडं चार-पाच मिलिमीटर सरकतात. आत तयार झालेल्या त्या ओठावर केस आणि कागद अडकतात. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून चोकअपचं कारण सांध्यात आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आडव्या पाइपात तर मीटरला 25 मिलिमीटर दिलेला उतारच सांध्यापाशी बसतो. म्हणून भिंतीवर, डक्टमध्ये किंवा छताखाली कवचाचंच घ्यावं. साधं चालेल ते जमिनीत, तेही खाली-बाजूंनी वाळू नीट दाबून भरली असेल तर.

सिमेंटचा सांधा करूच नका. तीन मीटर पीव्हीसी 20 अंशांच्या फरकाने साडेतीन-चार मिलिमीटर लांबतो, बीड त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंही नाही. गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट धरत नाही, त्यामुळे चीर पडतेच. बिडाच्या जुन्या सांध्यांत ओतायचे ते शिसंही इथे बाद: ते 327 अंशांना वितळतं, पीव्हीसी 80 च्या आसपासच मऊ पडतो.

मापाचा घोळ वेगळाच. बिडाचा 100 मिलिमीटर हा आतला व्यास, पीव्हीसीचा 110 हा बाहेरचा. त्यामुळे आकडे वेगळे दिसले तरी दोघांची बाहेरची मापं जवळजवळ सारखीच येतात. 75 च्या बाबतीत उलट होतं: बीड बाहेरून 83 ते 85, पीव्हीसी 75 च. तिथे दोन टोकांना दोन मापं असलेलं कपलिंग लागतं. दुकानात जाण्याआधी गंज खरवडून पाइपाभोवती सुतळी गुंडाळा आणि ती लांबी 3.14 ने भागा. 345 मिलिमीटर भरली तर पाइप 110 चा.

कापण्याआधी वरचा पाइप भिंतीला क्लॅम्पने धरा. 100 च्या बिडाचा 1.8 मीटरचा एक तुकडा वीस किलोंच्या आसपास असतो आणि वर असे कितीतरी असतात. आधार न देता कापलं तर सगळी रांग खाली येऊ शकते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत प्लास्टिकच्या गुट्ट्या सैल होतात. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्ट घाला. गंजलेल्या पाइपावर साखळीचा कटर चालवला तर तो उभा तडकतो, म्हणून ग्राइंडर वापरा, चष्मा आणि मास्क घालून. काप सॉकेटवर (पाइपाच्या रुंद तोंडावर) नको, सरळ भागावर हवा.

मधे बसवायचा पीव्हीसी 'टाइप बी'चा घ्या; 'टाइप ए' पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो. तुकडा मोकळ्या जागेपेक्षा साधारण पाच मिलिमीटर कमी कापा, कारण रबराच्या आत मधोमध एक कडा असते आणि दोन्ही पाइप तिला टेकायला हवेत. आधी पत्र्याचं कवच बिडावर सरकवून ठेवा. रबर कडेपर्यंत बिडावर चढवा आणि उरलेला अर्धा भाग मोज्यासारखा मागे उलटा. दुसऱ्या टोकालाही तसंच करा, मग तुकडा मधे आणून रबर सुलटं करा. रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. शेवटी कवच मधोमध आणून पट्टे आळीपाळीने आवळा, पाकिटावर लिहिलेल्या जोरापर्यंतच.

समुद्राजवळ 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही चहासारखे डाग येतात. मिळालं तर 316 ग्रेडचं घ्या. घेताना स्क्रूला लोहचुंबक लावून बघा. पट्टा चांगला आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असं सर्रास असतं, आणि पावसाळ्यात आधी गंजतो तो स्क्रूच.

सांधा झाल्यावर वरून चार-पाच बादल्या पाणी एकदम सोडा आणि खालच्या कडेभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओल दिसली तर पट्टा आणखी आवळू नका. सांधा उघडून बिडाचं टोक बघा: बहुतेक वेळा गंजाची खपली रबराखाली राहिलेली असते.