एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही?

"एमसीबी बसवलाय, आता वायरिंग कुणीही केलं तरी चालतं, शॉक लागत नाही" हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक आहे. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच. जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं की एमसीबी पडतो. तो वायर वाचवतो. गिझरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. एमसीबी जागचा हलणारही नाही!

माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. गिझरच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर कापून टेप गुंडाळलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून वायरमनचा परवाना आधी बघा, अर्थिंग मोजून घ्या, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोरच दाबून बघा.