मे महिन्यातला ब्लोअर

भुसावळात पारा 45 अंशांवर गेला की माणसं दुपारी दारं लावून बसतात. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतल्या जिवाणूंना मात्र तेव्हाच जोर चढतो. पाणी कोमट, भूक मोठी, आणि खाल्लेलं पचवायला ऑक्सिजन हवा. तो ब्लोअरने, म्हणजे हवा ढकलणाऱ्या यंत्राने, टाकीच्या तळाशी सोडलेल्या बुडबुड्यांतून मिळतो. केंद्राच्या विजेतला जवळपास निम्मा वाटा एकटा हा वारा खातो.

20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात बिल फुगतं, असं सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन विरघळतोही लवकर. तूट बरीचशी भरून निघते. खरा भार जिवाणूंच्या वाढलेल्या धापेचा. शिवाय हवाही विरळ होते: 45 अंशांच्या एक घनमीटर हवेत 20 अंशांपेक्षा सुमारे 8 टक्के कमी ऑक्सिजन असतो.

टाकीत लिटरमागे 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन सहसा पुरतो. पण पहाटे तीनला, जळगाव झोपलेलं असताना आणि मैलापाणी निम्म्यावर आलेलं असताना, ब्लोअर सकाळच्याच जोराने चालत असेल तर पैसे बुडबुड्यांबरोबर वर जातात. पंख्याच्या तत्त्वावरच्या ब्लोअरचा वेग व्हीएफडीने (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) 80 टक्क्यांवर आणला, तर वीज निम्म्याच्या आसपास लागते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या रूट्स ब्लोअरला (दोन फिरत्या पाळ्यांनी दर फेरीला ठरावीक हवा ढकलणाऱ्या) हे गणित लागू नाही; तिथे बचत साधारण वेगाच्या प्रमाणातच.

बिलात युनिटं (एकूण वापरलेली वीज) वेगळी आणि मागणी (एका वेळी ओढलेला सर्वांत मोठा भार) वेगळी, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. वीज दोन तास गेली, संपवेल, म्हणजे मैलापाणी साठणारी विहीर, तुंबली. वीज येताच ऑपरेटर सगळे पंप, सगळे ब्लोअर एकदम लावतो. मोटार सुरू होतानाचा झटका काही सेकंदांचा. मीटर सरासरी धरतं, त्याने फारसं बिघडत नाही. पण सगळं मिळून अर्धा तास चाललं की महिन्याच्या मागणीचा, केव्हीएत मोजला जाणारा, उच्चांक तिथेच नोंदला जातो. पुढे महिनाभर काटकसर केली तरी तो खाली येत नाही. एकेक पंप लावायचा, गाळ पिळायचं यंत्र तेवढा वेळ बंद ठेवायचं, एवढ्याने तो टळतो.

धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. अशी वीज वाढेल तशी दुपारची युनिटं स्वस्त होत जातात. गाळ पिळणं तेव्हा उरकता येतं. ब्लोअरला मात्र अशी लांब सुट्टी देता येत नाही. काही तासांतच टाकीचा वास कुजक्या अंड्यासारखा येऊ लागतो.