टाइमर-त्रुटी, कर्नेलमधील (व तिची दुरुस्ती)

ठरलेला वेळ भरला की नेमून दिलेले फंक्शन (कॉलबॅक) चालवणारी कर्नेलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, सोय म्हणजे टाइमर. तो ज्या मेमरीत नोंदलेला असतो ती मोकळी झाल्यावरही तो सुटला, तर कर्नेल परक्या जागेत लिहू लागते. हल्लेखोराला ती जागा हव्या त्या मजकुराने भरता आली, तर साधा वापरकर्ता रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन बसू शकतो.

लिनक्समध्ये घोळ बहुधा आवराआवरीच्या क्रमात असतो. डेल_टाइमर हे जुने फंक्शन टाइमर रांगेतून काढून लगेच परतते; दुसऱ्या सीपीयूवर कॉलबॅक चालू असला तरी थांबत नाही. पाठोपाठ मेमरी मोकळी करणारे केफ्री आले की घात झालाच. डेल_टाइमर_सिंक थांबते खरे, पण कॉलबॅकला लागणारे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) धरून ते बोलावले तर डेडलॉक ठरलेला: दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. शिवाय टाइमर आणि वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) एकमेकांना जागे करत असतील, तर काढलेला टाइमर पुन्हा लागतो. म्हणून ६.२ आवृत्तीत (२०२३) टाइमर_शटडाउन_सिंक आले. ते टाइमरमधला फंक्शन-पॉइंटर, म्हणजे चालवायच्या फंक्शनचा पत्ता, कोरा करते. नंतर कोणी टाइमर लावू पाहिला तरी काही होत नाही.

दुरुस्ती दरवेळी मोठी नसते. सीव्हीई-२०२५-३८३५२ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) मध्ये प्रोसेस संपत असतानाच पॉझिक्स सीपीयू टाइमर (प्रोसेसने वापरलेला सीपीयू-वेळ मोजणारा टाइमर) हाताळला जाई आणि त्याच वेळी तो पुसलाही जाऊ शके. प्रोसेस बाहेर पडत असेल तर परत फिरा, एवढी एक तपासणी पुरली. अँड्रॉइडवर या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याची चिन्हे सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने नोंदवली.

पुण्यात हा विषय रोजच्या कामाचा आहे. रेड हॅटचे अभियांत्रिकी केंद्र, हिंजवडीतील वाहन-सॉफ्टवेअर कंपन्या, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा एम्बेडेड (उपकरणांत बसवलेल्या संगणकांचा) अभ्यासक्रम, सगळीकडे कर्नेलशी गाठ पडते. ग्राहकाकडचे कर्नेल मात्र जुने असते; रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आजही ४.१८ वर बेतलेले आहे. अशा वेळी नवा पॅच (कोडमधील दुरुस्ती) सरळ बसेलच असे नाही. बॅकपोर्ट करताना, म्हणजे तो जुन्या आवृत्तीत बसवताना, आसपासची लॉक नव्याने वाचावी लागतात, आणि खरी मेहनत तिथेच जाते. नंतर केएसॅन हे मेमरीतील चुकीचा वापर पकडणारे साधन चालू करून, कॉलबॅकमध्ये मुद्दाम विलंब घालून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला जातो. एकदा चाचणी निर्धोक गेली म्हणून रेस (दोन कामे एकाच वेळी घडल्याने होणारा घोळ) गेली, असे कोणी अनुभवी माणूस म्हणत नाही.