भांग आणि गांजा: झाड एक, कायदे दोन

महाशिवरात्र किंवा रंगपंचमी जवळ आली की दोन ठाम मतं हमखास कानावर पडतात. एक, भांग म्हणजे गांजाच, सापडलात की थेट आत. दुसरं, भांगेला कोण विचारतंय, उत्तर प्रदेशात तर सरकारमान्य दुकानं आहेत. दोन्ही मतं निम्मीच खरी आहेत, आणि उरलेल्या निम्म्यामुळे माणसं गोत्यात येतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा, कारण आपल्याकडचं उत्तर या दोन्हींपेक्षा वेगळं आहे.

आधी झाड बघू. भांग आणि गांजा ही वेगवेगळी झाडं नाहीत. दोन्ही येतात त्या कॅनाबिसमध्ये बहुधा नर आणि मादी झाड वेगळं असतं. मादी झाडाच्या शेंड्याला फुलांचे दाट तुरे येतात. ते चिमटले की बोटांना चिकट राळ लागते आणि उग्र वास बराच वेळ जात नाही. नशा आणणारं टीएचसी सर्वांत जास्त असतं ते या राळेत. म्हणूनच गांजा पिकवणारे नर झाडं हेरून आधीच उपटून टाकतात. परागीभवन झालं तर मादी बी धरते आणि राळ घटते. हे तुरे वाळवले की गांजा. राळच चोळून वेगळी काढली की चरस. आणि नुसती पानं वाळवून, वाटून केली की भांग. नशेचा अंश पानांतही असतो, पण तुऱ्यांच्या मानाने बराच कमी.

केंद्राचा कायदा नेमका इथेच रेघ ओढतो. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो तो, कॅनाबिसच्या व्याख्येत तीन गोष्टी धरतो: चरस, गांजा, आणि या दोन्हींचं कुठलंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती यातून वगळली आहेत. भांग हे नाव व्याख्येत नाही. त्यामुळे नुसत्या पानांची थंडाई या कायद्याखाली येत नाही, पण त्याच थंडाईत गांजाचे तुरे वाटून घातले तर ती येते. पेला तोच, रंगही जवळपास तोच.

पानं वगळली गेली ती चुकून नव्हे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही कॅनाबिसची व्याख्या जवळपास याच शब्दांत आहे. त्याच्याही आधी, १८९३-९४ मध्ये, इंग्रज सरकारने या विषयावर आयोग नेमला होता. देशभर फिरून, हजारावर साक्षी घेऊन त्याने सरसकट बंदी नको, परवाना आणि कर यांतून नियंत्रण ठेवा, असं सुचवलं. भांग हे तिघांतलं सौम्य रूप, ही समजूत तेव्हाच सरकारी कागदावर पक्की झाली.

गांजाच्या बाबतीत मात्र सौम्यपणा नाही. एक किलोपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. वीस किलोच्या वर गेलं की ‘व्यापारी प्रमाण’, तिथे किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो आहेत.

मग पानांचं काय? ती राज्यांकडे. संविधानाच्या राज्यसूचीत ५१ व्या नोंदीत दारू आणि अफूबरोबर ‘भारतीय हेंप’ या नावाने हे झाड चक्क नोंदलेलं आहे. त्यावर उत्पादन शुल्क बसवायचा अधिकार राज्यांचा. उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेश भांगेच्या दुकानांना परवाने देतात. वाराणसीत आणि जैसलमेरमध्ये पाटीवर सरकारमान्यतेचा उल्लेख असलेली दुकानं पर्यटक फोटो काढून आणतात. आत हिरवा ओला लगदा आणि त्याच्या वळलेल्या गोळ्या, बहुतेक सुट्याच विकल्या जाणाऱ्या. उलट आसामने १९५८ मध्येच गांजा आणि भांग या दोन्हींवर बंदी घालणारा कायदा केला.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. नाव दारूचं असलं तरी त्यात मादक द्रव्यंही येतात आणि हेंप त्यात धरलेलं आहे. परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. हे प्रकरण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या आणि पोलिसांच्या अखत्यारीत येतं, शिक्षा एनडीपीएसमधल्या व्यापारी प्रमाणाच्या शिक्षेपेक्षा बरीच कमी, पण गुन्हा तो गुन्हाच. उज्जैनला महाकालाचं दर्शन घेऊन येताना तिथल्या परवानाधारक दुकानातल्या गोळ्या पिशवीत टाकल्या, तर त्या दुकानाचा परवाना राज्याच्या सीमेपलीकडे कामाला येत नाही. पावती दाखवून सुटू असं समजू नये.

कोर्टात हा फरक किती मोलाचा ठरतो ते २०२२ च्या दोन आदेशांत दिसतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना म्हटलं की भांग एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाही आणि जप्त केलेली भांग गांजा किंवा चरसापासून बनवल्याचं दाखवणारं काही समोर आलेलं नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यापुढे वेगळा प्रश्न आला. जप्त केलेला नुसता हिरवा पाला गांजा म्हणून धरायचा का? न्यायालयाने व्याख्येवर बोट ठेवलं: गांजा म्हणजे शेंडे, पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात येत नाहीत.

हे वाचायला बारीकसारीक वाटतं, पण आरोपीच्या दृष्टीने इथे वर्षांचा हिशेब आहे. पंचनाम्यात पोतं काट्यावर चढतं तेव्हा अनेकदा ओला पाला, काड्या, माती सगळ्याचं मिळून वजन लिहिलं जातं. बावीस किलो भरलं तर प्रकरण व्यापारी प्रमाणात गेलं आणि एनडीपीएसचं कलम ३७ लागू झालं. म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. तेच शेंडे वेगळे करून तोलले, न्यायालयाने तेवढंच वजन धरलं आणि ते बारा किलो भरलं, तर ती अट लागत नाही आणि दहा वर्षांची किमान शिक्षाही लागत नाही. पोतं उचलणारा हमाल किंवा शेतावरचा मजूर बहुतेक वेळा यातलं काहीच जाणत नाही, आणि त्याच्याकडे पहिल्या दिवशी हे विचारणारा वकीलही नसतो. शेंडे आणि पाला जप्तीच्या वेळीच वेगळे करून तोलणं सक्तीचं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

भांगेला केंद्राचा कायदा लागत नाही, मग पानांपुरतं एखादं झाड लावलं तर? नाही चालणार. एनडीपीएसमध्ये झाडाची लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. तिथे शेंडा की पान हा प्रश्नच येत नाही. तूर किंवा कपाशीच्या ओळीत लावलेली झाडं सापडली की शेतकरी अडकतो तो यातच. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, इतर पिकांना भाव मिळत नाही म्हणून, गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जात उद्वेग होता, पण कायद्यात अशी सरसकट वाट नाही. धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने ती वाट उघडली, तीही टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांसाठी. बियांचा तर प्रश्नच मिटला आहे: २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, किलोमागे टीएचसी पाच मिलिग्रॅमच्या आत असेल तर.

एक गोष्ट मात्र दोन्ही कायदे विचारत नाहीत: नशा किती? केंद्र झाडाचा भाग बघतं, राज्य परवाना आणि शुल्क बघतं. शरीराला यातलं काहीच कळत नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग अर्ध्या ते दोन तासांनी, आणि यकृतात टीएचसीचं जे रूप तयार होतं ते चांगलंच जोरदार असतं. म्हणून ‘काहीच होत नाहीये’ म्हणत दुसरा पेला रिचवणारा माणूस रात्री दवाखान्यात जातो. सुटी गोळी घेणाऱ्याला तिच्यात किती टीएचसी आहे हे कळायला मार्ग नाही. सौम्य म्हणून सोडलेलं पान भरपूर प्रमाणात वाटलं तर ते सौम्य राहत नाही.

अमेरिकेने रेघ वेगळ्या जागी ओढली. तिथे २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने झाडाचा भाग न बघता टक्का बघितला: कोरड्या वजनात डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे आपण वर बघितलेलं नेहमीचं टीएचसी) ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर ते हेंप. तिथेही फट राहिली. जड गोळीत ०.३ टक्के म्हणजे नशेला पुरेसे मिलिग्रॅम, शिवाय डेल्टा-८ सारखी भावंडं मोजलीच जात नव्हती. पेट्रोल पंपांवर अशा गोळ्या विकल्या जाऊ लागल्यावर राज्यांना आपापले नियम करावे लागले. मिनेसोटाने २०२२ मध्ये एका खेपेला पाच मिलिग्रॅम, एका पाकिटात पन्नास आणि वय किमान २१ अशी मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानेच व्याख्या आवळून एका डब्याला एकूण ०.४ मिलिग्रॅम केली आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली. त्यांच्या गोंधळातून आपण घेण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे मिनेसोटाचं पाकीट. ज्या राज्यांनी भांगेच्या दुकानांना परवाने दिलेत, त्यांनी प्रत्येक गोळीवर मिलिग्रॅमचा आकडा छापायला लावावा आणि वयाची अट काउंटरवरच तपासावी. शुल्क वसूल करणारं खातं हे काम उद्यापासून सुरू करू शकतं, त्यासाठी दिल्लीत कायदा बदलावा लागत नाही.