शेपटीच्या चाकाचं विमान गिरकी का घेतं?

बिजासनच्या टेकडीवरून इंदूरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं बघताना वाटतं, चाकं टेकली की विमान उतरलं. प्रवासी विमानांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण पुष्पक, पायपर कब अशा छोट्या विमानांची दोन मोठी चाकं पुढे असतात आणि एक इवलंसं चाक शेपटीखाली. त्यांची खरी कसोटी चाकं टेकल्यावर सुरू होते. धावता धावता विमान एका बाजूला वळतं, ते वळण आवरत नाही आणि बघता बघता गिरकी बसते. बाहेरच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पायच मोडतो. वैमानिक याला ग्राउंड लूप म्हणतात.

अशा वेळी ‘वैमानिक चुकला’ म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण गिरकीचं मूळ विमानाच्या रचनेतच आहे. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरासं डावीकडे वळलं की टायर जमीन धरून ठेवतात, पण विमानाचं वजन मात्र आधीच्याच दिशेनं जाऊ पाहतं. ते चाकांच्या मागे असल्यामुळे शेपटी उजवीकडे रेटली जाते आणि नाक आणखी डावीकडे जातं. म्हणजे वळणातूनच वळण वाढतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो, त्यामुळे टायरची तीच पकड नाक सरळ करते.

तळहातावर काठी उभी तोलून पाहा. कलायला लागताच हात किंचित सरकवला तर ती सावरते, जरा उशीर झाला की मग कितीही धावा. रडर म्हणजे शेपटीवरची उभी फळी, ती नाक डावी-उजवीकडे वळवते. तिच्या पॅडलवर वैमानिकाचे पाय म्हणूनच सारखे हलत असतात.

त्यात हाताशी असलेली मदतही घटत जाते. रडरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो, आणि शेपटीच्या चाकावर तर अजून पुरेसा भार आलेला नसतो. शिवाय शेपटी खाली असताना नाक इतकं वर असतं की समोरचं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या धावपट्टीच्या कडांवरूनच दिशा ओळखावी लागते.

मग वारा. इंदूरची धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशी आहे. पावसाळी वारे बहुतेक तिच्या रेषेत येतात. उन्हाळ्यात वायव्येकडून १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वारा सुटला, तर त्यातला जवळपास १४ नॉट आडवा लागतो. चाकांच्या मागचा भाग लांब असल्यामुळे वारा शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. विमान बाजूला वाहत असतानाच चाकं टेकली तर पहिलाच झटका गिरकीचा असतो.

आपल्या मे महिन्याचा हिशेबही मांडण्यासारखा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तापमान ४० अंश असेल तर हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवर, १५ अंशाला) सुमारे १४ टक्के कमी भरते. वेगमापक हवेच्या दाबावरून वेग सांगतो, म्हणून त्यावरचा आकडा नेहमीचाच, पण विमानाचा प्रत्यक्ष वेग ७ ते ८ टक्के जास्त. गतिज ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी जमिनीवरच जिरवायची असते.

जुने वैमानिक मोकळ्या गवताळ मैदानावर वाऱ्याच्या समोरून, हव्या त्या दिशेनं उतरत. शिवाय गवतावर टायर थोडे घसरतात, त्यामुळे वळवणारा जोरही कमी पडतो. डांबर मात्र टायर सोडत नाही. पहिलं उड्डाण ५ ऑगस्ट १९५१ रोजी झालेलं डॉ. वि. मा. घाटगे यांनी आराखडा केलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही शेपटीच्या चाकाचंच. त्यावर शिकणाऱ्यालाही हेच अंगवळणी पाडावं लागे: चाकं टेकल्यावर हातातली नियंत्रण-दांडी हळूहळू वाऱ्याच्या बाजूला पूर्ण झुकवायची, म्हणजे त्या बाजूचा पंख उचलला जात नाही, आणि विमान थांबेपर्यंत पाय पॅडलवरच ठेवायचे.